काकांनी टाकलेले तीन खडे

आमच्या प्रेसमध्ये मजकूर कानांनी तपासतात. पहिल्या दिवशी मला हे सांगितलं तेव्हा मी हसले होते. साहित्यात एम. ए. नुकतंच झालं होतं आणि वाचन म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

मागच्या खोलीत एक लांब टेबल आहे. दोन बाजूंना दोन खुर्च्या. एका खुर्चीतला माणूस मूळ प्रत मोठ्याने वाचतो. समोरचा माणूस छापलेल्या कच्च्या कागदावर पेन्सिल ठेवून ऐकतो. कानावर पडलेलं आणि डोळ्यांसमोरचं जुळलं नाही की खूण करतो. काम सगळं कायद्याच्या पुस्तकांचं, नियमावल्यांचं. एखादं 'किंवा' गळलं तर कुणाचं तरी घर जाऊ शकतं, असं आमच्या मालकीणबाई म्हणतात, आणि ते म्हणताना त्या हसत नाहीत.

वाचणाऱ्याच्या खुर्चीत काका बसायचे. एकतीस वर्षं. त्यांचा आवाज मशीनच्या खडखडाटातून आरपार जायचा, म्हणून बाइंडिंगवाले त्यांना भोंग्या म्हणत. म्हणजे प्रमुख बाइंडर म्हणायचे; ते त्यांच्याच वयाचे होते. बाकीच्यांसाठी ते काका.

काका विरामचिन्हंसुद्धा वाचायचे. "कलम सात कंस एक कंस पूर्ण, भाडेकरूने, स्वल्प, मालकाच्या लेखी संमतीशिवाय, स्वल्प, जागेत कोणताही बदल करू नये, पूर्ण." ते पुरतं 'स्वल्पविराम' कधीच म्हणत नसत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "विराम घ्यायचा असतो पोरी, म्हणायचा नसतो."

मला ते एमे म्हणायचे. "ए एमे, तुम्ही शिकलेली माणसं अर्थ वाचता. इथे अक्षरं वाचायची. काय असायला हवं ते डोक्यातून काढ. काय आहे, तेवढंच."

आणि खडा. हा त्यांच्या गुरूंपासून चालत आलेला प्रकार. तासाभरात कधीतरी काका मूळ प्रतीत नसलेला एक शब्द बेमालूम घुसवायचे. समोरच्याने तिथल्या तिथे थांबवलं तर ठीक. नाही थांबवलं, तर त्याचे कान झोपले होते असा अर्थ. मग दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खोलीतल्या सगळ्या पेन्सिलींना टोकं करायची. पहिला महिनाभर सगळ्या पेन्सिलींना मीच टोकं करत होते.

त्यांचा आवाज बसला तेव्हा आम्ही कुणी मनावर घेतलं नाही. एवढं बोलणाऱ्याचा घसा बसणारच. ते खडीसाखर चघळत वाचायचे. चार महिन्यांनी आवाज बसलेलाच होता. पाचव्या महिन्यात काकूंनी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रात गाठ होती. वाईट जातीची. पूर्ण स्वरयंत्र काढावं लागेल, असं सांगितलं.

मला ते काकांनीच सांगितलं. वाचता वाचता, एका परिच्छेदाच्या शेवटी. "पूर्ण. नवा परिच्छेद. एमे, माझा आवाज काढून टाकणार आहेत." मी पेन्सिल उचलली नाही. मला वाटलं, खडा आहे. मी म्हणाले, "थांबा, हे इथे नाही."

काका म्हणाले, "नाही ना. पण आहे."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत कुंड्या, भिंतीवर जुनी घड्याळं. काकू हातात मोबाइल घेऊन उभ्या होत्या.

"काहीतरी बोला ना. भरून ठेवते यात."

"काय बोलू?"

"काहीही. जन्मभर तोंडाचा पट्टा चालू होता, आणि आज शब्द सुचेना?"

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. नव्या फ्रिजचं माहितीपत्रक पडलं होतं. ते उचलून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "उपकरण भिंतीपासून दहा सेंटिमीटर अंतरावर ठेवावे, पूर्ण. दार उघडे ठेवू नये, पूर्ण." आवाज घोगरा होता, पण चिन्ह एकही सुटलं नाही.

"एवढ्या वर्षांचा संसार," काकू म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी मागे ठेवलंत काय, तर फ्रिज." त्या हसत हसत आत गेल्या. आतून बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर तसं म्हणाले, आणि ते खरंही होतं. गाठ गेली. पण श्वासाची वाट आता नाकातोंडापर्यंत जात नव्हती. गळ्याच्या तळाशी, शर्टाचं पहिलं बटण येतं तिथे, एक भोक होतं. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. काका चहावर फुंकर घालू शकत नव्हते. नव्या कागदाचा वास त्यांना येईनासा झाला. तोंड, जीभ, ओठ सगळं जागच्या जागी होतं. फक्त त्याखाली आवाज नव्हता. ते बोलायचे तेव्हा काचेपलीकडचा माणूस बोलतोय असं वाटायचं.

त्यांनी एक छोटी पांढरी पाटी आणि मार्कर घेतला. पाटीवरही ते प्रत्येक वाक्यानंतर पूर्णविराम द्यायचे.

आधी गळ्याला लावायचं यंत्र आलं. टॉर्चएवढं. ते लावलं की गुणगुण व्हायची, आणि तीच गुणगुण ओठांनी शब्दांत वळवायची. आवाज एकसुरी. एकदा ते यंत्र घेऊन प्रेसमध्ये आले तेव्हा बाइंडर पुढच्या खोलीतून ओरडले, "अरे, दाढीचं मशीन कुणी चालू ठेवलंय?" आणि आत येऊन पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. काकांनी पाटीवर लिहिलं, "ये. तुझी हजामत करतो." बाइंडर हसले, पण नंतर कधी त्यांना भोंग्या म्हणाले नाहीत. काही म्हणूनच हाक मारेनात. समोर येऊन उभे राहायचे आणि मग बोलायचे.

मालकीणबाईंनी काकांना बोलावून सरळ सांगितलं. "खुर्ची सहा महिने तुमची. तोवर आम्ही कसंही निभावू. सहा महिन्यांनी एक फॉर्म वाचून दाखवा. सोळा पानं. समोरच्याला जसंच्या तसं कळलं, तर या. नाही कळलं, तर मला खुर्ची भरावी लागेल. कायद्याचं काम आहे काका, दयामाया चालायची नाही."

काकांनी मान हलवली. त्यांनाही तेच हवं होतं. पगाराविषयी ते कधी बोलले नाहीत. घरी बसून प्रुफं तपासायचं काम बाईंनी देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. पाटीवर लिहिलं, "मी वाचणारा आहे."

तीन महिन्यांनी झडप बसवली. श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामधल्या भिंतीत बसणारी, शर्टाच्या बटणाहून लहान. गळ्यावरचं भोक अंगठ्याने बंद करायचं आणि श्वास सोडायचा. हवेला बाहेर जायला वाट राहत नाही, म्हणून ती झडपेतून अन्ननळीत शिरते आणि वर येताना घशाची भिंत थरथरवते. त्या थरथरीचा शब्द करायचा. हे सगळं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं. मी आणि काकू बाजूला बसलो होतो. काकांनी अंगठा लावला. बाई म्हणाल्या, "नुसतं 'आ' म्हणा."

एक जाड, ओला, खरबरीत आवाज आला. जुन्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. पण तो यंत्रातून आलेला नव्हता. काकू खुर्चीचा हात धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कोण आहे ते?" मग म्हणाल्या, "असू दे. कुणी का असेना. बोला."

पुढचे तीन महिने मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जात होते. ते वाचायचे, मी ऐकायची. झडप लहानशा ब्रशने साफ करायची, पाणी पिताना ठसका लागला की ती गळतेय का पाहायचं, हे काकू करत. काकांचा आवाज दिवसेंदिवस मोकळा झाला. मी उपचारवाल्या बाईंना म्हणाले, "मला सगळं कळतं आता."

बाई म्हणाल्या, "तुमचं कळणं मी धरत नाही. घरच्यांचे कान लाडावलेले असतात."

मला राग आला. पण घरी परत येताना मला आठवलं की काका वाचताना मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. आणि जे वाचत होते, ते पुस्तक मी कॉलेजात दोनदा वाचलेलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जे केलं ते लिहायला मला आवडत नाही. फॉर्मची मूळ प्रत मालकीणबाईंच्या कपाटात असते. किल्ली माझ्याकडे असते. मी प्रत पिशवीत घालून घरी नेली आणि तीनदा वाचली. सहकारी गृहसंस्थांचे नियम. पोटनियम, अपवाद, तारखा. माझी स्मरणशक्ती चांगली आहे. सगळ्या परीक्षा मी तिच्या जोरावरच पास झाले आहे.

सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. गळ्यावर जाळीचा रुमाल. त्यांनी प्रत समोर घेतली, रुमालाखाली अंगठा सरकवला आणि सुरू केलं. मालकीणबाई दारात उभ्या राहिल्या. बाइंडर त्यांच्यामागे.

छान चाललं. एकदाही अडलं नाही. पानामागून पान. माझी पेन्सिल सरसर खाली जात होती. छपाईतल्या सहा चुका मी पकडल्या. बाराव्या पानावर मालकीणबाई म्हणाल्या, "मला निम्मंच कळतंय, पण माझं सोडा. हिला कळतंय ना? मग झालं. काका, सोमवारपासून या."

बाइंडर टाळी वाजवायला लागले होते. काकांनी रुमालाखालचा हात काढला आणि पाटी ओढली. लिहिलं आणि ती आधी माझ्याकडे नाही, बाईंकडे फिरवली.

"तीन खडे टाकले. तिन्ही सुटले. हिने ऐकलं नाही. हिने आठवलं."



त्यांना चौथ्या पानावर कळलं होतं. तिथे एक तारीख चुकीची छापली होती. त्यांनी ती वाचायच्या आधीच माझी पेन्सिल तिच्याखाली जाऊन थांबली होती. त्यांनी ती पेन्सिल पाहिली, पुढचं पान उलटलं, आणि पहिला खडा टाकला.

त्यांनी पाटी ओढली नसती तर चाललं असतं. बाई हो म्हणाल्या होत्या. गप्प बसले असते तर खुर्ची त्यांची होती. त्यांनी पुन्हा लिहिलं, "एक महिना द्या. दुसरे कान द्या."

"दुसरे कान कुठून आणू मी?" बाई म्हणाल्या. पण त्या नाही म्हणाल्या नाहीत.

काका मला काहीच बोलले नाहीत. तीन दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. काकूंनी दार उघडलं. काका घरात नव्हते.

"माझीही नोकरी गेली गं," काकू म्हणाल्या. "मला म्हणतात, तू नुसती मान डोलावतेस." त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर बसल्या. "डोलावतेच. खरं सांगू? मला अर्धं कळत नाही. पण विचारलं की चेहरा उतरतो त्यांचा. म्हणून आपलं हो म्हणते. परवा असंच दोनदा हो हो म्हटलं. नंतर पाटीवर लिहिलं, 'माझा चष्मा कुठे आहे, विचारतोय.'"

मी हसले नाही. त्याही नाही.

"मग आता कुणासमोर वाचतात?"

"कुणासमोर काय. जातात बाहेर. जिथे कुणी ओळखत नाही तिथे."

हे खरं होतं. त्यांची वही मी नंतर पाहिली. पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे 'मागितलं', उजवीकडे 'मिळालं'. रोज वेगळ्या दुकानात, वेगळ्या खिडकीशी. मागितलं, डिंकाची बाटली. मिळाली, टिंचरची बाटली. मागितलं, दोन टोकयंत्रं. मिळालं, 'पुढच्या दुकानात विचारा'. चौकशीच्या नंबरावर फोन करून गाडीची वेळ विचारली. मिळालं, 'चावटपणा पुरे' आणि फोन बंद. एका पानावर तळाशी लिहिलं होतं, 'लोक माझ्याशी फार मोठ्याने बोलतात. ऑपरेशन घशाचं झालं आहे. कानाचं नाही.'

चुकलेल्या शब्दांची यादी ते आठवड्यातून दोनदा उपचारवाल्या बाईंकडे न्यायचे. बाई त्यातून वाट काढायच्या. क, त, प जोरात आपटायचे. ग, द, ब यांच्या आधीचा स्वर थोडा रेंगाळत ठेवायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला फरक कळतो. वाक्य लहान तुकड्यांत तोडायचं आणि प्रत्येक तुकड्याला नवा श्वास. यावर काकांनी लिहिलं, "म्हणजे स्वल्प." बाई म्हणाल्या, हे शिकवायला त्यांना इतरांबरोबर महिने लागतात. काका ते एकतीस वर्षं करत आले होते. 'ह' मात्र जमेना. त्याला लागणारा श्वास तोंडातून येतच नव्हता. बाई म्हणाल्या, जिभेच्या मागच्या टोकाने त्याच्या जवळपास जाता येईल, तेवढंच.

उजवी बाजू हळूहळू डावीसारखी दिसायला लागली. शेवटच्या दोन पानांवर बारा ओळी होत्या. त्यातल्या दहा जुळत होत्या.

मालकीणबाईंनी दुसरे कान आणले. एक निवृत्त स्टेनोबाई. कोर्टात सत्तावीस वर्षं लोकांची जबानी उतरवलेल्या. त्यांनी काकांना कधी पाहिलं नव्हतं, त्यांचा जुना आवाज ऐकला नव्हता. खुर्चीत बसल्या, चष्मा लावला, आणि म्हणाल्या, "मी ऐकते तेवढंच धरते. साक्षीदार काय म्हणणार होता, ते माझं काम नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. महिन्यात पहिल्यांदा.

मला बाहेरच्या टेबलावर बसवलं होतं. मधलं दार उघडं होतं. मला काका दिसत नव्हते.

पहिल्याच वाक्याला स्टेनोबाई म्हणाल्या, "पुन्हा."

काकांनी पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

काकांनी तिसऱ्यांदा वाचलं, आणि पेन्सिल चालल्याचा आवाज आला. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. 'माफ करा' नाही, 'त्रास देते' नाही. नुसतं "पुन्हा." पहिल्या पानावर मी अकरा वेळा तो शब्द मोजला. आणि मग मला कळलं की इतक्या महिन्यांत काकांना तो कुणीच म्हटला नव्हता. मी नाही, काकू नाहीत. आम्ही प्रेमाने मान डोलावत होतो, आणि आपलं बोलणं कुठे पडतंय ते त्या माणसाला कळत नव्हतं.

तिसऱ्या पानावर तो शब्द चारदा आला. पाचव्यावर एकदा. बाइंडर हातातलं काम टाकून माझ्या टेबलाशी येऊन उभे होते. मी पेन्सिल खाली ठेवली होती. मला आतला मजकूर माहीत नव्हता, आणि मला तो कळत होता. "सभासदाने, स्वल्प, तीस दिवसांच्या आत, स्वल्प, समितीकडे लेखी अर्ज करावा, पूर्ण." आवाज जाड होता, आणि मध्ये मध्ये श्वास घेतल्याचा शीळ घातल्यासारखा आवाज. पण प्रत्येक तुकडा आपल्या जागी पडत होता.

नवव्या पानावर ते म्हणाले, "समितीने, स्वल्प, दयाळूपणे, स्वल्प, अर्जाचा निकाल द्यावा, पूर्ण."

"थांबा," स्टेनोबाई म्हणाल्या. "दयाळूपणे असं इथे नाही."

मला राहवलं नाही, मी उठून दारात गेले. काकांनी अंगठा काढला होता. ते मागे टेकून बसले होते, तोंड उघडं, डोळे मिटलेले, खांदे हलत होते. मी घाबरले. मग लक्षात आलं, ते हसत आहेत.

"मूळ प्रतीतही नसणार," मी म्हणाले. "खडा आहे तो."

"कसला खडा?" स्टेनोबाईंनी चष्म्यावरून विचारलं. "साक्ष देताना कुणी असा चाळा केला असता, तर न्यायाधीशांनी बघून घेतलं असतं."

बाइंडर माझ्यामागून म्हणाले, "न्यायाधीशांनाही पेन्सिलींना टोकं करायला लावली असती यानं. काय रे भोंग्या?" आणि एकदम गप्प झाले. काकांनी डोळे उघडले. अंगठा लावला. एक एक शब्द मोकळा करून म्हणाले, "बाइंडर. काम. कर. पूर्ण."

पूर्वी सोळा पानांना तास लागायचा. त्या दिवशी अडीच तास लागले. मालकीणबाईंनी घड्याळ पाहिलं, खुणा पाहिल्या, प्रत पुन्हा लावून पाहिली. एकही चूक सुटली नव्हती. "अर्धा दिवस," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत. पूर्ण दिवसाचं काम यात बसणार नाही काका, हे मी खोटं सांगणार नाही." काकांनी पाटी घेतली नाही. "चालेल," असं तोंडाने म्हणाले.

सोमवारी मी तासभर आधी गेले. खोलीतल्या सगळ्या पेन्सिली गोळा केल्या. चव्वेचाळीस निघाल्या. तीन खड्यांचे तीन दिवस होतात, पण मी पहिल्याच दिवशी सगळ्यांना दोन्हीकडून टोकं केली. काका आले. पेन्सिलींचा ढीग पाहिला. एक उचलून दोन्ही टोकं बघितली, आणि अंगठा लावून म्हणाले, "एमे. आता धरू. कुठे?"

मग ते त्यांच्या खुर्चीत बसले. मी समोर. प्रत शनिवारीच आली होती. मी ती पाहिली नव्हती. मी त्यांच्या ओठांकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि नजर कागदावर ठेवली.

त्यांनी पहिलं वाक्य वाचलं. मला त्यातला शेवटून दुसरा शब्द कळला नाही. अंदाज करता आला असता. तो बरोबरही निघाला असता, बहुतेक.

माझी पेन्सिल हवेत होती. काका थांबले होते.

"पुन्हा," मी म्हणाले.

त्यांनी श्वास घेतला आणि पुन्हा वाचलं.